परदेशी तैनातीवरचा जवान आणि घरचे आईवडील

(दुर्गापुरा, जयपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

विषयाची व्याप्ती

भारतीय सैनिक आजवर तीन निमित्तांनी परदेशी गेला. १९४७ पूर्वी तो ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धांसाठी समुद्र ओलांडून गेला. स्वातंत्र्यानंतर तो शेजारी देशाशी झालेल्या करारानुसार गेला. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत असलेली भारतीय शांतिसेना हे त्याचे ठळक उदाहरण. आणि १९५० च्या दशकापासून आजपर्यंत तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जात आहे. हुकूम देणारी सत्ता बदलली, जाण्याचे कारण बदलले, ठिकाणेही बदलली. घरी राहिलेल्या आईवडिलांचे काम मात्र फारसे बदललेले नाही. पत्र किंवा फोन चालू ठेवणे, घरची अडचण योग्य वेळी आणि योग्य शब्दांत कळवणे, शेतीवाडी व कागदपत्रे सांभाळणे, सुनेला आणि नातवंडांना जपणे, आणि मुलगा किंवा मुलगी परतल्यावर त्यांना पुन्हा घरात रुळू देणे, असे हे काम आहे.

हे काम मायेपोटी होते, पण नुसत्या मायेवर तडीला जात नाही. आईवडिलांच्या हाती खात्रीची बातमी, नीट पत्ता, पुरे कागद आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसे असली, तर ते आपल्या लेकराचा आधार होतात. यांतले काही नसले, तर त्यांचीच काळजी त्याला दूर देशी लागून राहते. गेल्या शंभरेक वर्षांतल्या घटना हेच सांगतात.

दुर्गापुरा ही जयपूरच्या दक्षिणेची वस्ती. टोंक रस्ता, कृषी संशोधन संस्था आणि सवाई माधोपूरकडे जाणाऱ्या मार्गावरचे रेल्वे स्थानक या तिच्या ओळखीच्या खुणा. २००५ पासून जयपूर हे लष्कराच्या दक्षिण-पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे. बदलीच्या नोकरीमुळे मराठी जवानांची घरे या शहराशी जोडली जातात. आणि शहराच्या उत्तरेला सीकर-झुंझुनूचा शेखावाटी मुलूख पिढ्यानपिढ्या फौजेत माणसे धाडत आला आहे. साताऱ्या-कोल्हापूरच्या घरांची जी काळजी, तीच सीकर-झुंझुनूच्या घरांची. त्यामुळे पुढील उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली असली तरी विषय इथल्या उंबऱ्यांचाही आहे.

पहिले महायुद्ध: बातमीची वाट

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक सैनिक आणि कामगार समुद्रापार गेले. त्यांतले सुमारे ७४,००० परतले नाहीत. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. टायग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा येथे ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये वेढ्यात सापडली आणि अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आली. सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतली हजारो दगावली. कोकणात आणि देशावर त्यांच्या आईबापांनी वेढ्याचे पाच महिने आणि त्यानंतरची कैदेची वर्षे आज-उद्या काहीतरी कळेल या आशेवर काढली.

जी पत्रे येत-जात, त्यांचाही प्रवास सरळ नव्हता. खेड्यात वाचता येणारी माणसे मोजकी. बापाने मजकूर सांगायचा आणि मास्तराने किंवा कुलकर्ण्याने तो कागदावर उतरवायचा. मुलाचे उत्तर आले की पोस्टमनने किंवा त्याच मास्तराने ओट्यावर बसून ते वाचून दाखवायचे. पलटणीतही बहुतेकांची पत्रे लेखनिक लिहून देत. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी कॅप्टन ई. बी. हॉवेल यांच्या हाताखाली सेन्सॉरचे कार्यालय होते आणि घरून जाणारी पत्रेही तिथे उघडली जात. सैनिकांनी त्यावर सांकेतिक भाषा शोधली. हिंदी सैनिकांसाठी काळी मिरी आणि गोऱ्यांसाठी तांबडी मिरची असे शब्द योजून ते लढाईची खबर घरी पोचवू पाहत. आईबाप आणि मुलगा यांच्यामध्ये अशी तीन-चार परकी माणसे उभी असत. जिवाची भीती, पैशाची ओढ, घरातले भांडण यांतले काहीच खुलेपणाने लिहिता येत नसे. तरीही पत्र येणे हीच मोठी बातमी असे, कारण लिहिल्या दिवशी मुलगा जिवंत होता एवढे त्यावरून निश्चित कळे.

सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी’ या जोडनावाने ओळखले जाते. या एका गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी उभारलेला स्तंभ गावात आहे. एवढ्याशा वस्तीतून शेहेचाळीस माणसे जाणे म्हणजे गावातली एकही आळी कोरडी न राहणे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीची ओळखही अशीच फौजेशी जोडलेली. अशा गावांत आईवडिलांना शहरात न मिळणारी एक गोष्ट मिळे. शेजारचे घरही त्याच वाटेने गेलेले असल्यामुळे दुःख समजावून सांगावे लागत नसे, आणि पलटण, पेन्शन, मनीऑर्डर यांची रीत ठाऊक असलेला एखादा निवृत्त सुभेदार हाकेच्या अंतरावर असे.

अंत्यविधी आणि नाव

परदेशात मरण आलेल्या सैनिकाचा देह त्या काळी घरी येत नसे. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या जखमी हिंदी सैनिकांपैकी जे दगावले, त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर गावाबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले. त्या जागी संगमरवरी छत्री उभी असून १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी केला आणि त्यांना सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांचे मार्गदर्शन लाभले. जेकब म्हणजे जयपूर संस्थानचे अभियंते, आल्बर्ट हॉल संग्रहालयाच्या वास्तूशी ज्यांचे नाव निगडित आहे ते. राजस्थानच्या छत्रीचा घाट असा परदेशी मातीत हिंदी सैनिकांच्या स्मृतीसाठी उभा राहिला. ज्या आईबापांची मुले तिथे जळली, त्यांना मात्र अस्थी मिळाल्या नाहीत आणि ती जागाही पाहायला मिळाली नाही.

मेसोपोटेमियात याहून वाईट घडले. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४०,५०० हून अधिक मृतांची नोंद आहे. त्यांतल्या ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या लिहिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा असमान वागणुकीची कबुली दिली आणि माफी मागितली. आईवडिलांच्या दृष्टीने ही चूक फार मोठी होती. घरात मुलाच्या नावाने कुळधर्म होतो, श्राद्ध होते, सातबाऱ्यावर वारस लागतो. सरकारदप्तरी जो केवळ आकडा झाला, त्याचा शोक करायला घराला आधारच उरत नाही.

मुलाच्या नावासाठी झुरणारे आईबाप त्या युद्धात सर्वच देशांत होते. मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग याने कमजोर नजरेमुळे सैन्यात नाकारल्या गेलेल्या आपल्या मुलाला ओळखी वापरून आयरिश गार्ड्समध्ये भरती करवले. तो मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. किपलिंगने त्याचा वर्षानुवर्षे शोध घेतला आणि पुढे युद्धसमाधी आयोगाच्या कामाला वाहून घेतले. जर्मन शिल्पकार केटे कोल्विट्झ हिचा मुलगा पेटर अठराव्या वर्षी स्वयंसेवक म्हणून भरती झाला. वडिलांची संमती लागत होती आणि ती मिळवून देण्यात आईचा हात होता. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये तो मारला गेला. आईने पुढची कितीतरी वर्षे गुडघे टेकलेल्या आईबापांचे शिल्प घडवण्यात घालवली. १९३२ मध्ये ते मुलाच्या दफनभूमीत बसवले गेले. होकार दिल्याची टोचणी मराठी आईबापांनाही सुटलेली नाही. भरतीच्या मैदानापर्यंत सोबत गेलेला बाप आणि फॉर्मवर सही करणारी आई पुढे प्रत्येक वाईट बातमीला स्वतःला बोल लावतात. मुलाने स्वतःच्या मनाने पत्करलेले काम म्हणून त्याच्या नोकरीकडे पाहणे हीच त्या टोचणीतून बाहेर पडण्याची वाट आहे.

दुसरे महायुद्ध: बेपत्ता आणि परतलेला

दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी सैनिक लढले आणि सुमारे ८७,००० मृत्यू पावले. मराठा पलटणी पूर्व आफ्रिकेत केरेनला, लिबियात टोब्रुकला आणि नंतर इटलीत होत्या. जून १९४२ मध्ये टोब्रुक पडले तेव्हा एक पूर्ण मराठा पलटण शत्रूच्या हाती सापडली. घरी आलेल्या तारेत ‘बेपत्ता’ हा शब्द असे. रेडक्रॉसमार्फत कैद्याचे कार्ड येईपर्यंत मुलगा जिवंत की मेलेला हे सांगायला कुणी नव्हते.

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या वरच्या टायबर खोऱ्यात मशिनगनच्या मोर्चावर एकटे चालून गेले आणि मोर्चा काबीज करून पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मिळाला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि इटलीतल्या मोंतोने या गावी २२ जुलै २०२३ रोजी त्यांच्या नावाच्या सूर्यघड्याळ-स्मारकाचे अनावरण झाले. एकोणऐंशी वर्षांनी परक्या गावाने मुलाचे नाव घेतले, पण ते ऐकायला त्याचे आईबाप नव्हते.

दुसरे मराठी मानकरी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी त्यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून सुरक्षित जागी नेले, मग शत्रूचे मशिनगनचे मोर्चे एकट्याने मोडले. ते परतले आणि पुढे १९८४ पर्यंत जगले. एकाच रेजिमेंटचे, एकाच देशात लढलेले हे दोन तरुण. एकाच्या घरी पदक आले आणि दुसऱ्याच्या घरी माणूस आला. सैनिकाच्या आईवडिलांना या दोन्ही शक्यता घेऊन रोजचा दिवस काढावा लागतो.

मुलगा बेपत्ता असण्याच्या अवस्थेला मानसशास्त्रात वेगळे स्थान आहे. अमेरिकन संशोधक पॉलीन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना अनिश्चित वियोगाची कल्पना मांडली. माणूस गेला असे ठरवता येत नाही, आहे असेही धरता येत नाही, आणि त्यामुळे शोकही पुरा होत नाही. खेड्यातली आई रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना गेलेल्या मुलाचे नाव जिवंतांत घेते आणि कुणी ‘आता विसर’ म्हटले की रागावते, ती हीच अवस्था. अशा घराला उपदेशाचा उपयोग नसतो. पलटणीकडून, रेकॉर्ड ऑफिसकडून किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून ठरावीक काळाने काहीतरी लेखी कळत राहणे, मग मजकूर ‘अद्याप माहिती नाही’ एवढाच का असेना, हाच त्यावरचा खरा इलाज आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या तैनाती

स्वतंत्र भारताने संयुक्त राष्ट्रांच्या पन्नासाच्या आसपास मोहिमांत आजवर सुमारे २,९०,००० शांतिसैनिक पाठवले आहेत. कर्तव्यावर प्राण गेलेल्यांची संख्या १८० च्या सुमारास आहे. कोरिया, गाझा, काँगो, सोमालिया, सिएरा लिओन, लेबनॉन, दक्षिण सुदान ही नावे या निमित्ताने भारतीय घरांच्या बोलण्यात आली. मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी सतीश नंबियार हे १९९२-९३ मध्ये माजी युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख होते. लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर २०१९ ते २०२२ या काळात दक्षिण सुदानमध्ये तसेच प्रमुख होते. मुलीही आता या सेवेत आहेत. २००७ मध्ये लायबेरियात भारताची पूर्ण महिला पोलीस तुकडी गेली, आणि जानेवारी २०२३ मध्ये सुदान-दक्षिण सुदान सीमेवरच्या अब्येई भागात महिला शांतिसैनिकांची प्लाटून रवाना झाली. मुलीला परदेशी मोहिमेवर पाठवणाऱ्या आईवडिलांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या प्रश्नांनाही तोंड द्यावे लागते. तिच्या निवडीमागे उभे राहून ते प्रश्न दाराबाहेर थोपवणे, हे त्यांचे वाढीव काम.

शांतिसेना म्हटली की धोका नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. श्रीलंकेत १९८७ ते १९९० मध्ये सुमारे १,२०० भारतीय जवान कामी आले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथेच पडले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. २६ जुलै २०२२ रोजी काँगोतल्या बुटेम्बो येथे झालेल्या हिंसाचारात सीमा सुरक्षा दलाचे दोन हेड कॉन्स्टेबल मारले गेले. सीकरचे शिशुपाल सिंह आणि बाडमेरचे सांवलाराम बिश्नोई, दोघेही याच राजस्थानचे. मूळचे नागपूरचे कर्नल वैभव काळे लष्करातून निवृत्त होऊन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात रुजू झाले होते. १३ मे २०२४ रोजी गाझातील रफाह येथे त्यांच्या वाहनावर हल्ला होऊन त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर पुण्यात अंत्यसंस्कार झाले. आज देह घरी आणला जातो, शेवटचे दर्शन होते. ब्रायटन आणि बसऱ्याच्या काळाशी तुलना करता आईवडिलांच्या हक्कात पडलेली ही मोठी भर आहे.

टपालाचा पत्ता, फोनची वेळ

फौजेच्या टपालाची भारतीय परंपराच परदेशी मोहिमेतून सुरू झाली. १८५६ च्या इराणमधल्या बुशायर मोहिमेसोबत पहिले फील्ड पोस्ट ऑफिस गेले. १ मार्च १९७२ रोजी आर्मी पोस्टल सर्व्हिस कोर स्वतंत्र झाला आणि त्याचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे. या टपालाचा पत्ता विलक्षण असतो. जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, आणि खाली ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). गावाचे नाव नाही, देशाचे नाही, पिनकोडावरूनही गावाचा पत्ता लागत नाही. पाकिटावर आई जे लिहिते, त्यावरून मुलगा राजस्थानच्या सीमेवर आहे की आफ्रिकेत, हे पोस्टमनलाही कळत नाही. कोरिया, काँगो आणि गाझा इथल्या भारतीय तुकड्यांसाठी मात्र भारताच्या तिकिटांवर खास छाप मारला जाई. कोरियाच्या तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असे छापलेले असे. पाकिटावरच्या त्या चार शब्दांवरून घराला मुलाचा देश कळे.

आज पत्राची जागा फोनने घेतली आहे, आणि त्यालाही शिस्त लागते. दक्षिण सुदान आणि पूर्व काँगो भारताच्या साडेतीन तास मागे आहेत. साताऱ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा जुबात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. दोन्हीकडे सोयीची अशी वेळ ठरवून घ्यावी, आणि फोन आला नाही तर काय समजायचे हेही आधीच बोलून ठेवावे. गस्त लांबली, जनरेटर बंद पडला, नेटवर्क गेले, अशी कारणे रोजची असतात. ‘दोन-तीन दिवस फोन नाही आला तरी घाबरू नका, आठवडा झाला तर पलटणीच्या या नंबरवर विचारा,’ एवढे ठरलेले असले की आईची झोप मोडत नाही.

फोनवर काय बोलावे, याविषयी जुन्याजाणत्या घरांत एक रीत आढळते. ‘इकडं सगळं बरं आहे’ या एका वाक्यावर ती घरे थांबत नाहीत. बैलाची जोडी विकली, मिरगाचा पाऊस लांबला, धाकटीला स्थळ आले, अशा घरच्या हकिकती सांगतात. त्या बारीकसारीक गोष्टींतून जवान आपल्या घरात असल्यासारखा राहतो. आजारपण, कर्ज, भावकीतले भांडण यांविषयी मात्र तारतम्य लागते. गंभीर आजार लपवला आणि नंतर बाहेरून कळला, तर पुढचे प्रत्येक ‘बरं आहे’ जवानाला खोटे वाटू लागते. म्हणून मोठी गोष्ट सांगावी, पण तिच्यासोबत इलाजाचीही गोष्ट सांगावी: कोणत्या दवाखान्यात नेले, डॉक्टर काय म्हणाले, पैशाची सोय कशी केली. जिथे त्याला हजर राहता येत नाही अशा रोजच्या कटकटी त्याच्या अंगावर टाकू नयेत. बंदूक हाती घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे चित्त घरच्या भांडणात अडकले, तर जोखीम त्याच्यासोबतच्या साऱ्यांनाच असते.

याच्याच जोडीला गुप्ततेचा प्रश्न येतो. लष्कराने जुलै २०२० मध्ये जवानांना मोबाइलमधली ८९ ॲप काढून टाकण्याचा आदेश दिला, त्याचे कारण माहिती फुटण्याचा धोका हेच होते. घरच्यांनीही तेच पथ्य पाळावे. मुलाचा गणवेशातला फोटो, तुकडीचे ठिकाण, निघण्याची किंवा परतीची तारीख, विमानतळावरचे चित्र यांपैकी काहीही व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर किंवा फेसबुकवर टाकू नये. अभिमान साजरा करायला परतल्यानंतरचे दिवस पुष्कळ असतात. हल्ल्याची अफवा गटांत फिरू लागली तर तिच्या मागे लागण्याऐवजी पलटणीच्या किंवा सैनिक कल्याण कार्यालयाच्या ठरलेल्या क्रमांकावर एकदाच विचारावे, आणि तो क्रमांक घरात भिंतीवर लिहिलेला असावा.

शेत, दावा आणि कागद

मराठी मुलखात जवान परदेशी गेला की बांध कोरला जातो, हा जुना अनुभव आहे. पाठीमागे दिवाणी दावा लागला तर काय, ही आईवडिलांची खरी धास्ती. यासाठी कायद्याने दोन सोयी केल्या आहेत. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ हा कायदा परदेशी नेमणुकीवरच्या सैनिकाचाही विचार करतो. त्याच्या वतीने दाव्यात कुणी हजर नसेल, तर न्यायालयाने कामकाज थांबवून ठरलेल्या लष्करी अधिकाऱ्याला नोटीस द्यायची असते. जिल्हाधिकारीही असा सैनिक गैरहजर असल्याचे न्यायालयाला लेखी कळवू शकतात. दुसरी सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठ्ठाविसाव्या आदेशात आहे. रजा मिळू न शकणारा सैनिक आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून कुणालाही आपल्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार देऊ शकतो. तो अधिकार वडिलांच्या नावे जाण्यापूर्वीच करून ठेवला, तर तहसील आणि कोर्ट यांच्या पायऱ्या झिजवणे निम्म्यावर येते.

वारसाच्या नोंदीचा भागही तितकाच महत्त्वाचा. अविवाहित जवानाचे निकटचे नातेवाईक म्हणून आईवडिलांची नोंद असते. लग्नानंतर ती जागा पत्नीकडे जाते. हा बदल अनेक घरांना ऐन संकटात कळतो आणि मग सासू-सून एकमेकींसमोर उभ्या राहतात. लग्न, अपत्यजन्म, आईवडिलांचे अवलंबित्व या गोष्टी पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये, म्हणजे सेवानोंदीच्या आदेशात, चढलेल्या आहेत की नाहीत, बँक, विमा आणि भविष्यनिधी यांचे नामनिर्देशन कुणाच्या नावे किती आहे, हे जवानाने निघण्यापूर्वी आईवडील आणि पत्नी यांना एकत्र बसवून सांगावे. नावातली वेलांटीची चूकही पुढे महिनोन्महिने फेऱ्या मारायला लावते. आधार कार्डावरचे नाव, शाळेच्या दाखल्यावरचे नाव आणि सैन्याच्या नोंदीतले नाव एकदा शेजारी ठेवून वाचणे, हे अर्ध्या तासाचे काम आहे.

परतीचे दिवस

तैनाती साधारण वर्षभराची असते. कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ मध्ये नौसैनिकांच्या पत्नींच्या अनुभवांवरून तैनातीचे सात मानसिक टप्पे मांडले. जाण्यापूर्वीची तगमग आणि दुरावा, गेल्यानंतरचा गोंधळ, मग बसलेली घडी, परतीची ओढ, आणि परतल्यावर घरातल्या जबाबदाऱ्या नव्याने वाटून घेत पुन्हा एकरूप होणे, असा तो क्रम आहे. आईवडिलांच्या बाबतीतही तो बराचसा लागू पडतो. त्यांचा अपेक्षाभंग होतो तो शेवटच्या टप्प्यांत. वर्षभर वाट पाहिलेला मुलगा घरी येतो आणि गप्प बसतो, रात्री दचकून उठतो, गावच्या सत्काराला नको म्हणतो. आईला वाटते, आपल्यावर रुसला.

अशा वेळी घाई करू नये. पहिल्याच दिवशी पाहुणे, देवदर्शन, सत्कार आणि शेतीचा हिशेब असा भडिमार टाळावा. त्याने पाहिलेल्या गोष्टी त्याच्याकडून उकरून काढू नयेत. तो सांगू लागला तर मध्ये न बोलता ऐकावे. घर त्याच्यावाचून वर्षभर चालले आहे, निर्णय पत्नीने किंवा धाकट्या भावाने घेतले आहेत, ते त्याने आल्या आल्या मोडू नयेत हे समजावण्याचे काम आईवडीलच नीट करू शकतात. काँगो किंवा सुदानहून आलेल्याला ताप आला तर हिवतापाची शंका धरून लगेच रक्त तपासावे आणि डॉक्टरांना तो कुठून आला हे सांगावे. झोप, चिडचिड, दारू यांची लक्षणे आठवड्यामागून आठवडे टिकली, तर लष्करी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात कमीपणा मानू नये.

समाजाचा वाटा

आईवडील आपल्या लेकराला आधार देतात. त्यांना आधार देण्याची जबाबदारी समाजाची आहे. अमेरिकेत १९१७ पासून सैन्यात मूल असलेल्या घराच्या खिडकीत निळ्या ताऱ्याचे फडके लावण्याची रीत पडली, आणि पुढे अशा मातांच्या संघटना उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभाग आणि प्रत्येक जिल्ह्यातले सैनिक कल्याण कार्यालय आहे, राजस्थानातही तशी यंत्रणा आहे, आणि गावोगावी माजी सैनिकांच्या संघटना आहेत. पण या सोयींची माहिती बहुधा पत्नीपर्यंत किंवा निवृत्तांपर्यंत पोचते. सत्तरीतल्या, अर्ज वाचता न येणाऱ्या आईपर्यंत ती पोचत नाही. अपशिंग्यासारख्या गावात जे आपोआप घडते, ते शहरी वस्तीत ठरवून घडवावे लागते. आपल्या गल्लीत कुणाचा मुलगा मोहिमेवर आहे हे शेजाऱ्याला ठाऊक असणे, दवाखान्यात सोबत जायला एक तरुण ठरलेला असणे, फॉर्म भरून द्यायला एक निवृत्त जवान उपलब्ध असणे, एवढ्याने बरेच साधते.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आणि २९ मे रोजी आंतरराष्ट्रीय शांतिसैनिक दिन पाळला जातो. ध्वजनिधीला पैसे जरूर द्यावेत. त्याच दिवशी आपल्या वस्तीतल्या अशा एका घरी जावे, आईवडिलांजवळ घटकाभर बसावे, वारसाची नोंद आणि नामनिर्देशन त्यांच्यासोबत तपासावे, पलटणीचा व सैनिक कल्याण कार्यालयाचा क्रमांक त्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जावे.